एका घराची वर्गणी

१९५५ च्या नोव्हेंबरची २५ तारीख. त्या दिवशी आंबोलीच्या रानातून एका गुप्त नभोवाणी केंद्राचा आवाज गोमंतकात प्रथम ऐकू आला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी हे केंद्र पुढे कॅसलरॉकच्या जंगलात हलविले, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत कोंकणी व पोर्तुगीज या दोन भाषांतून ते बोलते ठेविले. पेडणे आणि डिचोली हे सरहद्दीवरचे महाल. आंबोलीच्या प्रक्षेपणाला तीनच महिने उरले असता, १५ ऑगस्टला, पेडण्यातील पत्रादेवी येथे सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या व कर्नेलसिंग बेनिपाल तेथे धारातीर्थी पडले होते. अशा दिवसांत हे केंद्र ऐकणे जोखमीचे होते. परंतु ऐकणाराला एक मोठे संरक्षण होते. प्रक्षेपकाला श्रोता दिसत नाही. लहरी सर्वांच्याच कौलांवर पडत. त्या कोणी घेतल्या, एका घरात किती जणांनी घेतल्या, याची नोंद आंबोलीत होत नव्हती आणि पणजीतही होत नव्हती.

न दिसणाऱ्या श्रोत्याकडून पैसा कसा घ्यावा, हा मात्र नभोवाणीपुढचा जन्मापासूनचा प्रश्न. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले तेव्हा श्रोत्याने वर्षाला १० रुपये देऊन परवाना घ्यावयाचा, आणि त्यातील ८ रुपये प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीला मिळावयाचे, अशी व्यवस्था होती. पैसा पुरेसा जमला नाही आणि १९३० साली कंपनी बुडाली. परवाना मात्र टिकला. गोवा मुक्त झाल्यावर भारतातील इतर घरांप्रमाणे येथील रेडिओवाल्या घरांतही परवान्याचे पुस्तक आले. टपाल कचेरीत शुल्क भरून ते दरवर्षी चालू ठेवावे लागे. १९८५ साली रेडिओ व दूरचित्रवाणी या दोहोंचेही परवाने रद्द झाले, आणि कित्येक घरांतून ती पुस्तके जुन्या दस्तऐवजांच्या पेटीत जाऊन पडली.

पैसे दर यंत्रामागे घ्यावे की दर घरामागे, हा यातला खरा पेच. इंग्लंडने घर धरले. तेथे दूरचित्रवाणीचा एक परवाना एका पत्त्यावरील सर्व संचांना चालतो. पण एकाच घरात निरनिराळ्या करारांनी खोल्या घेऊन राहणाऱ्या भाडेकरूंना प्रत्येकी वेगळा परवाना लागतो. स्विंडनसारख्या गावी मोठ्या संख्येने गेलेल्या गोमंतकीयांना हा नियम चांगलाच परिचयाचा असेल. आपल्या खानेसुमारीने मात्र घराची व्याख्या स्वयंपाकघरावर आणून ठेविली आहे: एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. पेडण्याच्या जुन्या चौसोपी घराला ही व्याख्या लावू गेल्यास एका राजांगणाभोवती चार कुटुंबे निघतात. गणपती मात्र सगळ्यांचा एकच!

पुढे तारेने चित्रे येऊ लागली आणि १९९५ साली त्या धंद्यासाठी कायदा झाला. त्या काळी घरात शिरलेली तार दुभागून दुसऱ्या खोलीतील संचाला जोडणे ही किरकोळ कारागिरी होती, आणि तिचे कोणाला काही वाटत नसे. संचामागे स्वतंत्र पेटी आली तेव्हा ही सोय संपली. दुसऱ्या पेटीसाठी पुन्हा पैसे मोजावे लागू लागल्यावर २०२० साली नियामक प्राधिकरणाने असे ठरविले की, एकाच घरातील दुसऱ्या व त्यापुढील संचांसाठी मूळ जोडणी शुल्काच्या ४० टक्क्यांहून अधिक घेऊ नये. म्हणजे दुसरा संच हा नवा ग्राहक नव्हे, त्याच ग्राहकाचा दुसरा डोळा होय, हे तत्त्व निदान कागदावर मान्य झाले. प्राधिकरणाने २०२४ साली त्या शुल्कावरील मर्यादाच काढून घेतल्या.

महाजालावरून येणाऱ्या थेट प्रक्षेपणाने हिशेबाचा पायाच बदलला. नभोवाणीला एक श्रोता वाढला काय अन् हजार वाढले काय, खर्च तोच. येथे प्रत्येक पडद्यासाठी चित्रांचा स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो. पडदा उघडला की तो दूरच्या संगणकाला आपली ओळख सांगतो आणि ठरावीक अंतराने 'अजून चालू आहे' असे कळवीत राहतो; वर्गणीत बसणारी संख्या पुरी झाली की पुढच्या पडद्याला नकार मिळतो. पावसाळ्यात वीज गेली की गंमत होते. विझलेल्या संचाला निरोप घ्यायला सवड मिळालेली नसते. दूरचा संगणक काही मिनिटे त्याला जिवंतच समजतो, आणि वीज आल्यावर घरच्याच माणसाला जागा नाही म्हणून सांगतो.

'घर' कोणते, हेही आता कंपनी ठरविते. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ मध्ये भारतात आपली वर्गणी एका निवासापुरतीच असल्याचे बजाविले. निवास ओळखण्याची खूण म्हणजे महाजालावरील पत्ता आणि उपकरणांची ओळख. मुंबईत नोकरीला असलेला मुलगा या हिशेबाने परक्या घरचा ठरतो. तो दरमहा घरी पैसे पाठवितो, चवथीला येऊन माटोळी बांधतो, पण त्याचा पडदा पेडण्याचा नव्हे! व्यवसायाच्या दृष्टीने कंपनीचे म्हणणे अगदीच खोटे नाही. तरी कुटुंबाची ही व्याख्या गोमंतकात, जेथे पिढ्यान् पिढ्या माणसे पोटासाठी बाहेर आणि सणासाठी घरी अशी राहिली, तेथे तोकडी पडते.

प्रसारभारतीने आपल्या 'वेव्हज' या सेवेचा आरंभ २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातच, चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनप्रसंगी, मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या हस्ते केला. डिचोली तालुक्यातील साखळीचे हे आमदार. या सेवेवर थेट वाहिन्या आहेत आणि आकाशवाणीही आहे. फक्त आत शिरण्यापूर्वी नोंदणी करावी लागते. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये, लिबिया लोबो सरदेसाई यांना पद्मश्री जाहीर झाली. रानातल्या त्या केंद्राने सहा वर्षे प्रक्षेपण केले; त्याच्या श्रोत्यांची यादी पोर्तुगीज पोलिसांना मिळणे शक्य नव्हते, कारण ती खुद्द केंद्राकडेही नव्हती.