सॅमन ओळखावा कसा?

आपल्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात. त्याचे कूळ मात्र अगदी वेगळे. पण पॅसिफिक महासागरातले खरे सॅमन ओळखणेही सोपे नव्हते. बेरिंगच्या मोहिमेत गेलेल्या स्टेलरने कामचाटकात या माशांची वर्णने लिहिली. पुढे १७९२ मध्ये जर्मन वैद्य वॉलबाउमने नेर्का, किसुच ही तिथल्या लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रात आणली.

घोटाळा मात्र संपला नाही. समुद्रात चंदेरी दिसणारा हा मासा अंडी घालायला नदीत शिरला की रंग पालटतो आणि नराचा जबडा आकड्यासारखा वाकतो. त्यामुळे एकाच जातीला अनेक नावे मिळाली. १८६१ मध्ये सकलीने तर या वाकड्या जबड्यावरूनच 'ऑन्कोऱ्हिंकस' हे प्रजातीनाम दिले. लग्नातल्या मुंडावळ्यांवरून माणसाचे नाव ठेवावे, तसेच हे आम्हांला वाटते!

अमेरिकेतल्या प्युजेट साउंडच्या धक्क्यावर गळ टाकणारे मासा हाती येताच त्याच्या हिरड्या पाहतात. दातांच्या बुडाशी त्या काळ्या असल्या तर चिनूक, पांढरट असल्या तर कोहो. चिनूकच्या शेपटीवर वरखाली दोन्हीकडे ठिपके असतात, कोहोच्या फक्त वरच्या भागात. हे पाहावेच लागते, कारण १९९९ मध्ये तिथल्या चिनूकला कायद्याचे संरक्षण मिळाले. शेपटीजवळचा पाठीवरचा छोटा मांसल पर कापलेला असेल, तर तो चिनूक मत्स्यबीज केंद्रातला. पर शाबूत असेल, तर बहुधा त्याला पुन्हा पाण्यात सोडावे लागते.