‘कूली’ आणि ‘कोळी’ : एका इंग्रजी शब्दाची वंशावळ

इंग्रजीत ‘कूली’ म्हणजे ओझी वाहणारा, बहुधा आशियाई, मजूर. या शब्दाचे मूळ ‘कोळी’ या जातिनामात शोधण्याचा प्रघात यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशाने दृढ केला. शहापूर व मुरबाड तालुक्यांत महादेव कोळ्यांची जुनी वस्ती आहे. आपले नाव मूळचे हमालाचेच होते काय, असा प्रश्न या व्युत्पत्तीमुळे त्या जमातीपुढे उभा राहतो.

जुन्या पुराव्याने तसे ठरत नाही. बोतेल्यो या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या १५४८ च्या नोंदीत वसईच्या नदीत मासे धरणाऱ्या ‘कोले’ लोकांवरील कराचा उल्लेख येतो. गार्सिया द ओर्ता १५६३ मध्ये त्याच नावाच्या लोकांना लुटारू म्हणतो. दोन्ही ठिकाणी हे एका लोकसमूहाचे नाव आहे, मोलमजुरीचा त्यास गंधही नाही. सुरतेच्या इंग्रज वखारीचा पाद्री हेन्री लॉर्ड मात्र १६३० मध्ये हे नाव शेतकरी व हलक्या प्रतीच्या लोकांना लावतो. अर्थाची घसरण दिसू लागते ती गुजरातेत. सह्याद्रीच्या पायथ्याशी नव्हे.

उलट तमिळ ‘कूलि’ या शब्दाचा अर्थच मुळी मजुरी असा आहे. ‘कोळी’तील ळकाराचा परक्या मुखी लकार होणे स्वाभाविक, पण दीर्घ ऊकार आणि वेतनाचा अर्थ या दोहोंचा उलगडा तमिळ शब्दाने जितका सहज होतो, तितका जातिनामाने होत नाही. तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरील नाव व दक्षिणेकडील मजुरी यांचा परकीयांच्या बोलण्यात संकर झाला, असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

मराठीने हा घोटाळा कधीच केला नाही. तिच्याजवळ अरबीतून आलेला ‘हमाल’ व फारसीतून आलेला ‘मजूर’ होता. ‘कोळी’ म्हणजे जात, नाहीतर भिंतीवरचा अष्टपाद प्राणी. डोंगरी कोळ्यांत नाईकपदाची परंपरा होती. जव्हारचे मुकणे घराणे त्यांच्यातलेच. १८३४ पासून कलकत्त्याहून ‘कूली’ म्हणून करारबद्ध मजुरांची मॉरिशसला रवानगी होऊ लागली. त्यानंतर चौदा वर्षांनी, २ मे १८४८ रोजी, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगरे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. दक्षिण आफ्रिकेत तर हा शब्द सरसकट भारतीयांसाठी शिवी ठरला. १८९३ मध्ये तेथे गेलेल्या गांधीजींना ‘कूली बॅरिस्टर’ म्हणत.

१९५० च्या अनुसूचित जमातींच्या आदेशात महादेव कोळ्यांची नोंद झाली. रेल्वे स्थानकांवरील ‘कुली’स ‘सहायक’ म्हणावे, अशी घोषणा मात्र २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभू यांनी केली.