गहाण, गिऱ्हाण आणि गिऱ्हाईक

घराचे कर्ज फिटले त्या दिवशी वडील सहकारी बँकेतून मूळ खरेदीखत घेऊन आले. ते देवापुढे ठेवले, हळदकुंकू वाहिले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आईला म्हणाले, "तुझ्या गिऱ्हाइकांनी घर सोडवलं गं."

कर्जाची मुदत पंधरा वर्षांची होती. ते फिटले दहाव्या वर्षी. महिन्याचा हप्ता वडिलांच्या पगारातून जायचा. आई शिवणयंत्रावर ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल-पिको करून द्यायची आणि दिवाळीच्या आधी महिनाभर चकल्या, अनारसे, करंज्यांच्या ऑर्डरी घ्यायची. त्यातून सुटलेले पैसे वर्षातून दोनदा कर्जखात्यात भरले जायचे. वडिलांचे ते वाक्य मी तेव्हा नुसते ऐकले. पुष्कळ वर्षांनी शब्दांचा नाद लागल्यावर लक्षात आले की त्या चार शब्दांत एका धातूचे अख्खे कुटुंब नांदते आहे.

तो धातू म्हणजे संस्कृतातला 'ग्रह्', अर्थात धरणे, पकडणे, घेणे. त्यापासून 'ग्रहण' झाले, प्राकृतात त्याचे 'गहण' झाले आणि मराठीत 'गहाण'. गहाण टाकलेली वस्तू म्हणजे सावकाराने धरून ठेवलेली वस्तू. हेच ग्रहण दुसऱ्या वाटेने बोलीत आले आणि 'गिऱ्हाण' झाले. चंद्राला ग्रहण लागले की गल्लीतून "दे दान, सुटे गिऱ्हाण" अशी आरोळी यायची. तिथे धरणारा राहू, इथे धरणारा सावकार. म्हणूनच क्रियापदही एकच आहे: ग्रहण 'सुटते' आणि गहाणही 'सुटते'. तिसरे भावंड 'गिऱ्हाईक'. हा संस्कृतातला 'ग्राहक', म्हणजे घेणारा. सावकाराने धरलेले घर घेणाऱ्या बायकांच्या पैशांनी सोडवले, असे वडील म्हणाले होते. एका धातूची दोन लेकरे समोरासमोर उभी राहिली आणि एकाने दुसऱ्याची पकड सोडवली.

खुद्द 'गृह' शब्दही संस्कृत वैयाकरणांनी याच धातूला जोडला आहे. पाणिनीने अष्टाध्यायीत 'ग्रह्' धातूला घर या अर्थी वेगळा प्रत्यय सांगितला, त्यातून 'गृह' सिद्ध होते. आजचे भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती मानत नाहीत. ते 'गृह' शब्दाचे नाते कुंपण घातलेली जागा या अर्थाच्या जुन्या शब्दांशी लावतात. त्यांचे म्हणणे बरोबर असणार. तरी कर्ज काढून घर घेतलेल्या माणसाला पाणिनीचे म्हणणे आतून पटते. घर माणसाला धरून ठेवते, आणि त्या घराला बँक.

धर्मशास्त्रात गहाणाला 'आधि' म्हणतात. हा शब्द आपल्याला 'आधिव्याधी' या जोडीमुळे माहीत आहे. तिथे आधी म्हणजे मनाची पीडा आणि व्याधी म्हणजे शरीराची. अमरकोश 'आधि' शब्दाचे हे दोन्ही अर्थ, बंधक आणि चित्ताची पीडा, एकाच ठिकाणी देतो. हप्ता चुकण्याच्या भीतीने रात्री जागलेल्या माणसाला याची टीप लागत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत आधीचे दोन प्रकार येतात. गोप्य आधी नुसता सांभाळून ठेवायचा. भोग्य आधी सावकाराने वापरायचा, त्याचे उत्पन्न घ्यायचे. सांभाळायला दिलेली वस्तू सावकाराने वापरली तर त्याला व्याज मिळणार नाही, असा तिथे दंडक आहे. भोग्य वस्तूचे उत्पन्न सावकाराकडे पोचता पोचता धनाच्या दुप्पट झाले, की ती मोकळी करायची. गहाण सोडवणे या अर्थी स्मृतिकार जो धातू वापरतात, तोच 'मोक्ष' या शब्दात आहे.

'मॉर्गेज' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेला. त्यातल्या 'मॉर्ट'चा अर्थ मृत आणि 'गेज'चा अर्थ तारण. 1628 मध्ये एडवर्ड कोक या इंग्लिश कायदेपंडिताने त्याची फोड अशी केली: ऋणकोने पैसे दिले नाहीत तर जमीन त्याला मेली, आणि दिले तर तारण धनकोला मेले. पण त्याच्या जवळजवळ साडेचारशे वर्षे आधी, ग्लॅनव्हिलच्या नावाने चालणाऱ्या कायद्याच्या ग्रंथात वेगळाच भेद आहे. ज्या तारणाचे उत्पन्न धनको खातो आणि कर्ज मात्र तेवढेच राहते, ते मृत तारण. ज्याच्या उत्पन्नाने कर्ज कमी होत जाते, त्याला पुढे जिवंत तारण म्हणू लागले. हे वाचले तेव्हा आमची पुढची खोली डोळ्यांपुढे आली. गहाण पडलेल्या त्याच घरात, खिडकीखाली यंत्र ठेवून, आई त्या घराला स्वतःची किंमत कमवायला लावत होती. ते तारण तिने जिवंत ठेवले होते.

'कर्ज' अरबीतून आले. त्याच्या मूळ धातूचा अर्थ कापणे, कुरतडणे. धनको आपल्या धनातला तुकडा कापून देतो म्हणून तो 'कर्ज', असे त्याचे स्पष्टीकरण देतात. त्याच धातूपासून अरबीत कात्रीला 'मिक्राज' म्हणतात. 'हप्ता' फारसी आहे. 'हफ्त' म्हणजे सात, आपल्या 'सप्त'चा सख्खा भाऊ. हप्ता म्हणजे सात दिवसांचा आठवडा, मग आठवड्याला द्यायची रक्कम, मग ठरलेल्या काळाने द्यायची कोणतीही रक्कम. 'मुद्दल' दक्षिणेकडचे दिसते: कन्नडमध्ये 'मोदलु' आणि तमिळमध्ये 'मुदल' म्हणजे पहिले, आरंभीचे, आणि तमिळमध्ये भांडवलही. 'व्याज' संस्कृतात होते, पण तिथे त्याचा अर्थ सबब, कपट. 'व्याजस्तुती' आणि 'निर्व्याज' या शब्दांत तो अजून टिकून आहे. मराठीत मात्र व्याज म्हणजे पैशाची वाढ.

मुद्दल आणि व्याज यांचा झगडा आकड्यांत पाहिला की हे अर्थ अंगावर येतात. समजा 30 लाख रुपयांचे कर्ज, दर साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षे. हप्ता येतो सुमारे 26,035 रुपयांचा. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले 21,250 रुपये व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम 4,785 रुपयांनी कमी होते. आता पहिल्या महिन्यापासून दर महिन्याला 5,000 रुपये वरून भरले, तर ते सगळेच्या सगळे मुद्दलावर पडतात. पहिल्याच महिन्यात मुद्दल दुपटीने कमी होते. दर तोच राहिला तर 240 महिन्यांचे कर्ज 164व्या महिन्यात संपते आणि सुमारे पावणेबारा लाख रुपयांचे व्याज वाचते. एका अटीवर: जास्तीचे पैसे भरताना हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायला बँकेला सांगायचे. हप्ता कमी करून घेतला, तर हा लाभ बराचसा निसटतो. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने 2012 पासून मनाई केली आहे. आईचे चकल्यांचे पैसे नेमके काय करत होते, हे मला या गणिताने दाखवले. ते कर्जाच्या मुळाशी जात होते.

एका शब्दाचे मात्र वाईट वाटते. तो म्हणजे 'दामदुप्पट'. थकलेले व्याज कितीही साचले तरी एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही, हा नियम मनुस्मृतीइतका जुना आहे. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हिंदू ऋणकोंना त्याचा आधार दिला. दामदुप्पट ही ऋणकोची ढाल होती, दुप्पटीशी थांबवणारी मर्यादा. आज 'दामदुप्पट योजना' म्हटले की पैसे दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याचे आमिष आठवते, आणि त्यात बुडालेली कुटुंबे. कर्ज लवकर फेडण्याच्या घाईत माणूस याच आमिषाला बळी पडतो. शब्दाचा जुना अर्थ माहीत असता तर निदान तो दचकला असता.

मग जास्तीच्या कमाईला म्हणायचे काय? 'वरकमाई' म्हणावे तर त्याला लाचेचा वास चिकटला आहे. 'वरचे पैसे' म्हटले की ऐकणारा डोळे बारीक करतो. 'पूरक उत्पन्न' हा सरकारी फॉर्मातला शब्द. उरतो तो 'जोडधंदा', आणि तोच सर्वांत श्रीमंत आहे. शेतीला गाई-म्हशींची, शेळ्यांची, कोंबड्यांची जोड द्यायची, असा तो आपण रोज ऐकतो. पण संतांच्या मराठीत 'जोडणे' म्हणजे मिळवणे, कमावणे. पुण्य जोडतात, पैसा जोडतात, माणसे जोडतात. आईचा धंदा तिन्ही अर्थांनी जोडधंदा होता. पगाराला जोड होती, पैसा जोडला जात होता, आणि ब्लाउज न्यायला आलेल्या बायका तासभर बसून बोलत होत्या. 1959 साली गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभे राहिले. त्या गच्चीवर काय काय जोडले गेले, याचा हिशेब कोणत्याही वहीत मावणार नाही.

या जोडीची किंमत असते, तीही सांगितली पाहिजे. दिवसभर घर आणि रात्री अकरापर्यंत यंत्र, यात आईच्या पाठीचे आणि डोळ्यांचे जे झाले ते परत आले नाही. कर्जाच्या अर्जावर, हप्त्यांच्या पुस्तिकेवर, कुठेही तिचे नाव नव्हते. म्हणून वडिलांचे ते वाक्य मला मोलाचे वाटते. कागदाने जे नोंदवले नाही, ते त्यांनी दारात उभे राहून तोंडाने नोंदवले.

राहिले 'फेडणे'. प्राकृतात 'फेडइ' म्हणजे दूर करतो, काढून टाकतो. मराठीत लुगडे फेडतात, नवस फेडतात, पांग फेडतात, कर्जही फेडतात. बांधलेले, गुंडाळलेले जे काही असेल, ते सोडून मोकळे करणे असा या सगळ्यांच्या बुडाशी अर्थ आहे. कर्ज ही गाठ, आणि बचत हीसुद्धा गाठच. 'गाठीला चार पैसे' असे आपण म्हणतो ते पदराच्या टोकाला पैसे बांधत म्हणून. आईने वर्षातून दोनदा एक गाठ सोडली आणि दुसरी सैल केली. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर कर्जाची नोंद 'बोजा' म्हणून चढते, फिटले की बोजा उतरतो. आपले 'ओझे' या बोजाच्याच गोतातले.

त्या दिवशी खरेदीखताबरोबर एक दाखलाही आला होता. बेबाकीचा दाखला. आता रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या आदेशानुसार कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागदपत्रे परत द्यावी लागतात आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते. तेव्हा वडिलांनी चार हेलपाटे घातले होते. आईने दाखला हातात घेऊन दोनदा वाचला आणि विचारले, "बेबाक म्हणजे हो काय?" वडील म्हणाले, "काही बाकी नाही." फारसी 'बे' आणि अरबी 'बाकी', अर्थ अगदी बरोबर होता.

उर्दूत 'बेबाक' दोन आहेत, लिहायला वेगळे. एकात बाकी नसते. दुसऱ्यात 'बाक' म्हणजे भीती नसते, तो निर्भय. देवनागरीत आले की दोघांची अक्षरे एक होतात आणि कोणता कोण ते डोळ्यांना कळत नाही. आईला दुसरा बेबाक कोणी सांगितला नव्हता. तिने दाखल्याची घडी केली, तो खरेदीखतावर ठेवला आणि परत यंत्रावर जाऊन बसली, कारण संध्याकाळी शेजारच्या वहिनींना ब्लाउज द्यायचा होता. दहा वर्षांत पहिल्यांदाच ती शिवताना गुणगुणत होती.