सूत्राची पुनर्मांडणी (विद्युत व्यवसाय गणित)

सूत्राची पुनर्मांडणी म्हणजे सूत्रातील राशींचा परस्परसंबंध न बदलता, जी राशी काढावयाची आहे ती समचिन्हाच्या एका बाजूस एकटी राहील अशा रीतीने ते सूत्र पुन्हा लिहिणे होय. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील (आयटीआय) वीजतंत्री व तारतंत्री या व्यवसायांच्या विद्यार्थ्यांना विद्युतधारा, रोध, तारेची जाडी इत्यादी राशी काढण्यासाठी या क्रियेची सतत गरज पडते. पुनर्मांडणी चुकल्यास आकडेमोड अचूक असूनही उत्तर चुकते आणि त्यावरून निवडलेली तार किंवा रोधक प्रमाणाबाहेर तापू शकतो.

मूळ तत्त्व

समीकरणाच्या दोन्ही बाजू समान असतात. दोन्ही बाजूंवर एकच क्रिया केल्यास ही समानता टिकून राहते. मात्र शून्याने भागता येत नाही. 'पक्षांतर' हे याच तत्त्वाचे संक्षिप्त रूप आहे. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात समीकरणाच्या बाजूंना 'पक्ष' म्हटले असून मराठीतील 'पक्षांतर' या संज्ञेतही तोच शब्द आहे. समचिन्ह (=) प्रथम रॉबर्ट रेकॉर्ड यांच्या १५५७ मधील ग्रंथात छापले गेले.

पद्धत

इष्ट राशीवर कोणत्या क्रमाने कोणत्या क्रिया झाल्या आहेत हे प्रथम पाहावे. नंतर उलट क्रमाने त्यांच्या विरुद्ध क्रिया दोन्ही बाजूंवर कराव्यात. बेरजेची विरुद्ध क्रिया वजाबाकी, गुणाकाराची भागाकार आणि वर्गाची वर्गमूळ होय.

उदाहरणार्थ, बॅटरीच्या अग्रांमधील विभवांतराचे सूत्र असे आहे :

विभवांतर = विद्युतगामक बल − (धारा × अंतर्गत रोध)

येथे अंतर्गत रोधाला आधी धारेने गुणले आहे आणि तो गुणाकार नंतर विद्युतगामक बलातून वजा केला आहे. म्हणून प्रथम वजाबाकी सोडवावी, मग धारेने भागावे :

अंतर्गत रोध = (विद्युतगामक बल − विभवांतर) ÷ धारा

१२.६ व्होल्ट विद्युतगामक बलाची बॅटरी २० अँपिअर धारा देताना ११.६ व्होल्ट दाखवीत असेल, तर तिचा अंतर्गत रोध १ ÷ २० = ०.०५ ओहम येतो.

ओहमचा त्रिकोण व त्याची मर्यादा

गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम व्यवसाय शिक्षणात 'व्ही = आय × आर' असा लिहितात. तो लक्षात ठेवण्यासाठी त्रिकोणात वर व्ही आणि खाली आय व आर लिहितात. हवी ती राशी बोटाने झाकली की उरलेल्या दोन राशींची मांडणी मिळते.

ही युक्ती एक राशी दुसऱ्या दोन राशींचा गुणाकार असेल तेथेच लागू पडते. वर्ग, बेरीज किंवा वजाबाकी असलेल्या सूत्रांना ती तशीच लावता येत नाही. केवळ त्रिकोण पाठ केलेला विद्यार्थी वरील बॅटरीच्या सूत्रापाशीच अडतो. दोन्ही बाजूंवर समान क्रिया करण्याचे तत्त्व मात्र सर्वत्र उपयोगी पडते.

नेहमीच्या चुका

वर्गमूळ विसरणे : शक्ती = धारेचा वर्ग × रोध. यावरून धारा = √(शक्ती ÷ रोध). १० ओहम, ४० वॅट क्षमतेच्या रोधकातून जास्तीत जास्त √४ म्हणजे २ अँपिअर धारा जाऊ देता येते. वर्गमूळ राहून गेल्यास उत्तर ४ अँपिअर येते. एवढ्या धारेला रोधकात १६० वॅट, म्हणजे क्षमतेच्या चौपट उष्णता निर्माण होऊन तो जळू शकतो.

प्रत्येक पद वेगळे उलटे करणे : समांतर जोडणीत १ ÷ एकूण रोध = (१ ÷ पहिला रोध) + (१ ÷ दुसरा रोध). एकूण रोध ६ ओहम आणि दुसरा १० ओहम असल्यास पहिला (६ × १०) ÷ (१० − ६) = १५ ओहम येतो. प्रत्येक पद सुटे उलटे केल्यास ६ − १० = −४ ओहम असे अशक्य उत्तर मिळते.

गुणक नेताना चिन्ह बदलणे : बेरजेतील पद पलीकडे नेताना त्याचे चिन्ह बदलते. गुणक पलीकडे गेल्यावर भाजक होतो, त्याचे चिन्ह बदलत नाही.

एककांवरून पडताळा

तारेचा रोध = रोधकता × लांबी ÷ काटछेदाचे क्षेत्रफळ. म्हणून क्षेत्रफळ = रोधकता × लांबी ÷ रोध.

२५ मीटर अंतरावरील उपकरणाला १० अँपिअर धारा द्यावयाची असून तारेतील विभवपात ५ व्होल्टपेक्षा अधिक नको असेल, तर तारेचा रोध ५ ÷ १० = ०.५ ओहमच्या आत हवा. जाण्यायेण्याची मिळून तार ५० मीटर होते. तांब्याची रोधकता २० अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१७२ ओहम-चौरस मिलिमीटर प्रतिमीटर धरल्यास क्षेत्रफळ ०.०१७२ × ५० ÷ ०.५ = १.७२ चौरस मिलिमीटर येते. बाजारातील १.५ ची तार अपुरी पडते, म्हणून त्यापुढील २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी लागते. तारेची धारावहन क्षमता याव्यतिरिक्त तपासावी लागते.

सूत्र उलटे मांडून रोध ÷ (रोधकता × लांबी) असे केल्यास ०.५८ हा आकडा येतो. त्यावरून ०.७५ चौरस मिलिमीटरची तार निवडल्यास विभवपात सुमारे ११.५ व्होल्ट होतो आणि तारेत सुमारे ११५ वॅट उष्णता निर्माण होते, २.५ च्या तारेत ती सुमारे ३४ वॅट असते. ०.५८ हा आकडा वरकरणी शक्य वाटतो, परंतु एकके मांडल्यास उत्तराचे एकक 'चौरस मिलिमीटर' न येता '१ ÷ चौरस मिलिमीटर' येते आणि चूक तत्काळ उघड होते. याच कारणासाठी पुनर्मांडणी झाल्यावर आकडे घालण्यापूर्वी एकके तपासणे आणि शेवटी उत्तर मूळ सूत्रात घालून पाहणे आवश्यक मानले जाते.