उचलीपासून पुरापर्यंत, उलट्या वाटेनं

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार. अजून फटफटलेलं नाही. तुम्ही पस्तिशी ओलांडलेली बाई आहात, नांदेड जिल्ह्यात, मुखेड तालुक्यातल्या डोंगरकडेच्या एका तांड्यावर राहता, आणि पत्र्यावर पाऊस असा वाजतोय की शेजारी निजलेल्या लेकीशीही ओरडून बोलावं लागतं. घर उंचावर आहे म्हणून कोरडं आहे. शेत ओढ्याकाठी आहे. दीड एकर सोयाबीन, शेंगा नुकत्याच धरलेल्या. दिवस वर आल्यावर तुम्ही बांधावर जाता तर बांध कुठाय ते कळत नाही. नवरा डोक्यावर खताचं रिकामं पोतं धरून उभा आहे. म्हणतो, "माती बी गेली गं." पीक गेलं हे तो बोलत नाही. ते दिसतंच आहे.

खाली लेंडीच्या काठची बातमी दुपारपर्यंत फोनवर येते. लेंडी धरणाच्या पाणलोटात २०६ मिलिमीटर पाऊस, वरून उदगीरकडचं आणि कर्नाटकातलं पाणी. रावणगावात दोनशेवर माणसं पाण्यात अडकली, भासवाडी नि भिंगेलीतही अडकली, हसनाळात तर माणसं गेली. छत्रपती संभाजीनगरहून लष्कराची तुकडी आली. गोजेगावचं हे धरण ऐंशीच्या दशकापासून रखडलेलं. त्याची घळभरणी झाली याच उन्हाळ्यात. काठावरची गावं पुनर्वसनाचं गाऱ्हाणं किती वर्षं सांगत होती, ते मुखेडच्या कुठल्याही हॉटेलात चहा पिता पिता ऐकायला मिळेल.

आता इथून पुढं जायचं नाही. पुढचं सप्टेंबरमधलं पाणी, मराठवाडाभरचे पंचनामे, ७ ऑक्टोबरला जाहीर झालेलं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज हे सगळं पेपरात येऊन गेलं आहे. आपल्याला मागं जायचं आहे. एक अट ध्यानात ठेवा: पुढं काय होणार ते तुम्हाला माहीत असेल, पण त्या त्या दिवशीच्या तुम्हाला ते सांगता येणार नाही.

दोनच दिवस मागं सरा. गोकुळाष्टमी आत्ताच झाली आहे, तांड्यावर तीज आहे. पोरींनी टोपल्यांत पेरलेला गहू वीतभर वाढलाय, पिवळा-हिरवा. नऊ दिवस त्यांनी त्याला पाणी घातलं, फेर धरून गाणी म्हटली. आज वाजतगाजत ते तुरे ओढ्याला सोडायचे. याच ओढ्याला. तुमची लेक पुढं आहे. सासू, जिला सगळा तांडा याडी म्हणतो, उंबऱ्यातून बघते आणि म्हणते, यंदा गहू चांगला आला, पाऊसकाळ बरा जाणार. तुम्ही मान हलवता. काय बोलणार?

जून-जुलैत थांबण्यासारखं फार नाही. पेरणी, खुरपणी, कृषी केंद्रात उधारीवर घेतलेलं बियाणं. एक दुपार मात्र बघून घ्या. मुखेडात एका नेटकॅफेसमोर पोरांची रांग आहे. यंदा अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत. लेकीचा अर्ज भरायला, फोटोला, झेरॉक्सला आणि पुढं वह्या-पुस्तकांना लागतील तेवढे पैसे तुम्ही पोलक्यातल्या रुमालाच्या गाठीतून काढता. नोटा मळक्या, दहा-वीसच्या. नवरा विचारतो, "हे कुठले?" तुम्ही म्हणता, "हायेत." ते कुठले, हे आपल्याला अजून थोडं मागं गेल्यावर कळेल.

१३ मे. तुम्ही हैदराबादेत, एका उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. उन्हाळ्यात मुखेडची निम्मी माणसं इकडंच असतात. देगलूरहून मदनूर, पिटलम, संगारेड्डी करत बस रात्रीत आणून सोडते. मुंबई-पुण्यापेक्षा आपल्याला हैदराबाद जवळ, हे नकाशा न पाहता इथं प्रत्येकाला ठाऊक असतं. नवरा सेंट्रिंगला, तुम्ही वाळू-खडीच्या पाट्या वाहायला. एक वाजून गेल्यावर फोन वाजतो. दहावीचा निकाल. "आई, पास झाले, फर्स्ट क्लासात." पाटी खाली ठेवून तुम्ही पदरानं तोंड पुसता. मिस्त्री तेलुगूत काहीतरी ओरडतो, कामाला लागा म्हणत असावा. नवरा त्याला आपल्या तेलुगूत सांगतो, पोरगी पास झाली. मिस्त्री हसतो आणि मग पुन्हा ओरडतो.

आता होळी. १३ मार्च. खरं तर होळीला तुम्ही तांड्यावर असणं हाच चमत्कार. एरवी होळी उसाच्या फडातच पेटते, कधी कधी पाडवाही तिकडंच. यंदा राज्यात ऊसच कमी. कारखान्यांचे पट्टे फेब्रुवारीतच बंद पडू लागले आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात टोळी गावाकडं वळली. साखरेच्या आकड्यांतही ते दिसतं: आदल्या हंगामात राज्यानं ११० लाख टनांच्या आसपास साखर केली होती, या हंगामात कशीबशी ८० लाख. तांड्याला त्याचं काय, तांडा लेंगीची गाणी म्हणतोय. नायकाच्या दारापुढं डफ कडाडतो, नव्या बाळाचा धुंडचा विधी आहे, म्हातारे पोरांपेक्षा जोरात नाचतात. तुम्ही कितीतरी वर्षांनी ही होळी बघता आहात. मनापासून नाचता. हंगाम लवकर संपला म्हणून आनंद, आणि त्याच कारणानं पोटात गोळा.

कारण हिशेब झालाय, चारच दिवसांपूर्वी. तो जवळून बघा, कारण उसाचा सगळा धंदा त्या एका वहीत मावतो. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, एक लाख. नवरा-बायको मिळून एक कोयता. तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये. जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढ झाली तेव्हा इतका झाला, त्याआधी तर पावणेतीनशेही नव्हता. लाखाला तीनशे सहासष्टनं भागा. २७३ टन. म्हणजे एवढा ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून ट्रॉलीत चढवला की तुम्ही शून्यावर येता. तुमचा तोडून झाला १८५ टन. त्याचे झाले ६७ हजार ७१०. त्यातून आठवड्याच्या आठवड्याला घेतलेली खर्ची, म्हणजे पीठ-मीठ-तेल, आणि ताप आला त्या दिवसांचे खाडे वजा. अंगावर राहिले चोपन्न हजार. मुकादम वही मिटतो नि म्हणतो, "पुढल्या साली फेडू की, कुठं पळून चाललाव?" मुकादम वाईट माणूस नाही. तो तुमच्याच भावकीतला, त्याच्याही डोक्यावर कारखान्याचे पैसे आहेत. पण एवढ्या चांगल्या माणसाची वही तुम्ही आजवर कधी हातात घेऊन पाहिलेली नाही.

जानेवारीतली एक रात्र. शिरोळ तालुका, कृष्णेचा काठ, काळीभोर माती, थंडी हाडात शिरणारी. रात्रीचे दोन. "गाडी आली, गाडी आली," म्हणत कुणीतरी कोप्यांवरून काठी फिरवतं. कोपी म्हणजे बांबूच्या कमानी, वर ताडपत्री, बाजूनं पाचट; आत वाकूनच शिरायचं. तुम्ही साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवता, डोक्याला फडकं गुंडाळता. ट्रॅक्टरचा दिवा फडात पडतो तेवढाच उजेड. मोळी उचलायची, डोक्यावर घ्यायची आणि ट्रॉलीला टेकवलेल्या फळीवरून चढायचं. फळीवर दव असतं. पाय घसरला तर मोळीसकट खाली, म्हणून बायका अंगठा रोवून, तिरकं पाऊल टाकत चढतात. नव्या सुनेला हे पहिल्या हंगामात कुणी शिकवत नाही, ती दुसरीचे पाय बघून शिकते. तुम्ही शिकलात ते धारूरच्या बाईचे पाय बघून.

ही धारूरवाली तुमची मैत्रीण. बीड जिल्ह्यातली, जात वेगळी, टोळी वेगळी. पण दोन्ही टोळ्यांना गाळपाच्या काळात तोच कारखाना आणि बहुतेक वेळा शेजारचाच फड मिळतो. चार-पाच महिने सख्ख्या बहिणीसारखं राहायचं आणि उरलेले महिने फोनवर. दोन साड्या बांधून केलेली न्हाणी तुमच्या दोघींची एक. एकीला कणकण आली तर दुसरी तिच्या वाटच्या मोळ्या बांधते, म्हणजे दर वेळी खाडा बसत नाही.

आणि ते पैसे. ऊस तोडला की वरचं हिरवं वाढं उरतं. गावातले गवळी, म्हशीवाले ते जनावरांसाठी पेंढीनं विकत घेतात. हातात रोख पडते, मुकादमाच्या वहीत त्याची नोंद नाही. हंगामात उचलीत न कापला जाणारा हाच काय तो पैसा, आणि तो बहुतेक बायका राखतात. पण कोपीत लपवणार कुठं? म्हणून तुमचे पैसे तिच्याकडं, तिचे तुमच्याकडं. "माझ्या माणसाला तुझ्या ट्रंकेत हात घालायची शरम वाटंल," असं ती म्हणाली होती. बँकेनंही इतका साधा विचार केलेला नाही. लेकीचा अकरावीचा रुमाल हा असा भरला.

लेक या वेळी इथं नाही. लहान होती तोवर फडातच वाढली, उसाच्या सावलीला झोळी बांधून. यंदा दहावी म्हणून तिला तांड्यावर याडीजवळ ठेवलं आहे. आणखी महिन्याभरानं, २१ फेब्रुवारीला तिचा मराठीचा पेपर असेल आणि तुम्ही त्या सकाळी कोयता हातात घेऊन फडातल्याच एका पोराच्या फोनवर वेळ विचारत राहाल. अकरा वाजले का? अकरा वाजले का?

तांड्यावरून फडापर्यंतच्या प्रवासाबद्दल थोडक्यात. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. त्यात सरपण, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या, एक शेळी, त्यावर माणसं. मुखेडहून जांब, शिरूर ताजबंद, चाकूर, लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज. तुळजापूरला खाली उतरायला मिळत नाही, घाटातूनच हात जोडायचे. सोलापूरनंतर पहाटेच्या गारव्यात सगळी ट्रॉली एका घोंगड्याखाली येते. अपघात कुठं कुठं झाले होते त्या जागा ड्रायव्हर न विचारता सांगत जातो.

टोळी निघाली २० नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी, आणि त्याला कारण आहे. गाळप सुरू होणार होतं १५ नोव्हेंबरला आणि विधानसभेचं मतदान २० ला. अर्धा तांडा आधीच गेला. त्यांची नावं यादीत, बोटं फडात. तुमचा मुकादम थांबला, म्हणून तुम्ही शाळेतल्या केंद्रावर जाऊन दोन बटणं दाबलीत. एक आमदारकीचं, दुसरं खासदारकीचं, कारण खासदार वसंतराव चव्हाण ऑगस्टमध्ये वारले आणि नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक त्याच दिवशी लागली. तिचा निकाल लागला १ हजार ४५७ मतांनी. एका लोकसभा मतदारसंघात एवढी मतं म्हणजे काहीच नाही. एकट्या मुखेड भागातून त्या आठवड्यात किती कोयते बाहेर पडले असतील, तेवढं मोजून बघा नि मग सांगा, हंगाम थोडा पुढं ढकला म्हणणारे काय वेडे होते?

आता शेवटची पायरी उतरा. ऑक्टोबर २०२४, दसऱ्याच्या आधीची संध्याकाळ. पोहरादेवीला ५ तारखेला पंतप्रधान येऊन बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन करून गेलेत. तांड्यावरून गेलेली माणसं अजून त्याच गप्पा मारताहेत. लाडकी बहीण योजनेचे पैसे खात्यात पडले आहेत, त्यातून याडीचं औषध आणि दिवाळीचं तेल निघेल. एवढ्यात मुकादम मोटारसायकल लावून ओट्यावर बसतो. पिशवीतून बंडल काढतो. नवरा मोजतो, तुम्ही चहा ठेवता. एक कागद पुढं येतो, त्यावर अंगठा आणि सही. नवऱ्याची. कोयता दोघांचा, सही एकाची. तुमच्या अर्ध्या कोयत्याला कुणी विचारलेलं नाही.

उचल का घेतली? बघा, त्यासाठीही पाच-सहा आठवडे मागं जावं लागतं. १ आणि २ सप्टेंबर २०२४ ला नांदेड, परभणी, हिंगोलीवर असाच पाऊस कोसळला होता. सोयाबीन तेव्हाही पाण्याखाली होतं. जे हाती आलं ते ओलं म्हणून बाजारात चार हजारांच्या आसपास गेलं, आणि सरकारचा हमीभाव कागदावर ४ हजार ८९२ होता. बियाण्याची उधारी, याडीचा दवाखाना, लेकीची दहावी. मुकादमाचं बंडल त्यातच गेलं. दिवाळीपर्यंत लाखातले चार आकडीही हातात नव्हते. म्हणजे पुढचं सगळं वर्ष, ती होळी, तो निकाल, ती थंडीतली फळी, विकलं गेलं होतं आधीच, ओट्यावर, चहा होईपर्यंत.

इथं तुम्हाला सोडतो. पण जाता जाता काही गोष्टी करा, तुम्ही त्या बाई असा किंवा पुण्या-मुंबईत हे वाचणारे असा. बाई असाल तर ग्रामसेवकाकडं जाऊन ऊसतोड कामगार म्हणून तुमची स्वतःची, वेगळी नोंदणी करा, ओळखपत्र मागा; आणि खर्ची घेताना प्रत्येक वेळी वहीचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा. लेक अकरावीला आहे, हिशेब तिला येतो. वाचणारे असाल तर एवढं लक्षात असू द्या: उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला मिळायचा किमान दर, केंद्र सरकार कायद्यानं दरवर्षी ठरवतं, २०२४-२५ ला टनाला ३ हजार ४०० होती, पुढच्या हंगामाला ३ हजार ५५० झाली. तोच ऊस तोडणाऱ्याचा दर साखर संघ आणि संघटना बसून तीन-तीन वर्षांसाठी ठरवतात. १ नोव्हेंबर २०२५ ला नवा हंगाम सुरू झाला, तेव्हा तो ३६६ च होता.