सुप्याची खतं आणि खिशातलं कार्ड

मागच्या वर्षी आईच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री अकरा वाजता एटीएममधून क्रेडिट कार्डावर ४० हजार रोख काढले. किराणा, पेट्रोल कार्डावर घेतलं तर महिनाभर व्याज नसतं, तसंच हेही असेल असं वाटलं. पत्रकार असून! रोख काढली की त्याच दिवसापासून मीटर चालू. अडीच टक्के शुल्क, महिना साडेतीन टक्के व्याज, वर जीएसटी. 'किमान देय' म्हणून दोन हप्ते भरले, जवळपास सव्वाचार हजार. तरी बाकी ४० हजारांच्या वरच.

तेव्हा सुपे आठवलं. नगर रोडवरचं सुपा नव्हे, बारामती तालुक्यातलं. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि खतं, खातेवह्या मागितल्या. मिळाल्या त्या जाळल्या. लोण पुढे नगर जिल्ह्यात गेलं. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे सहसा त्याला कुणी हात लावला नाही. राग कागदावर होता.

का, ते नीट बघा. १८५९ च्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षं ठरली. हेतू चांगला, व्याज साचू नये. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार थकलेलं व्याज मुद्दलात धरून नवं खत लिहून घ्यायचा, आणि न वाचता येणारं कुळ अंगठा द्यायचं. १०० रुपयांवर २००० हून जास्त व्याज लावल्याचं एक प्रकरण सरकारी चौकशीत पुढे आलं. आपल्याकडे जुना दंडक होता दामदुपटीचा, म्हणजे व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. नवं खत झालं की व्याजच मुद्दल होतं, मग दामदुप्पट मोजायची कशाची?

दंग्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. न्यायाधीशाला शेवटच्या खतावर न थांबता पहिल्या उसनवारीपर्यंत मागे जाऊन हिशोब तपासता येऊ लागला. माझ्या मते त्या कायद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. आजही महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही.

बँकेला मात्र हे लागू नाही. १९८४ पासून बँकिंग कायद्यात २१अ कलम आहे: व्याज जास्त आहे या कारणावरून कोर्टाला बँकेचा व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. म्हणजे १८७९ चं दार बँकांपुरतं बंद. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज ही अनुचित प्रथा ठरवली. २० डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला. एवढं मात्र आहे की न भरलेलं शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावू नका, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सांगितलंय. बिल घेऊन बसा आणि हे तपासा.

मी शेवटी गावातल्या पतसंस्थेतून वर्षाला १४ टक्क्यांनी कर्ज काढलं आणि कार्डाची सगळी बाकी एका दमात भरली. पुढच्या बिलात पुन्हा साडेसहाशे रुपये आले, बिल निघाल्यापासून पैसे जमा होईपर्यंतच्या दिवसांचं व्याज. तेही भरले, आणि मगच खातं शून्य झाल्याचं पत्र मागून घेतलं.