शब्दवेध : जिम

बागेतल्या ‘ओपन जिम’चं नाव आज नवं वाटतं, पण ग्रीकांचा व्यायाम मुळात उघड्यावरचाच. ‘जिमनोस’ म्हणजे उघडा, वस्त्रहीन. खेळाडू अंगावर काही न ठेवता सराव करत, म्हणून त्या सरावाचं क्रियापद ‘जिमनाझो’ आणि जागा ‘जिमनासियॉन’. लॅटिनने त्याचं जिम्नॅशियम केलं, इंग्रजीने ते छाटून जिम केलं.

हेच क्रियापद नव्या करारात भेटतं. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौलाच्या या तरुण सहकाऱ्याला सुभक्तीचा सराव करायला सांगितलं आहे. तिथे मूळ शब्द ‘जिमनाझे’. शरीराची कसरत तिथे तुच्छ ठरवलेली नाही, तिचा उपयोग तेवढा मर्यादित म्हटला आहे. खेळांची ही भाषा पौलाला परकी नव्हती; तो करिंथमध्ये दीड वर्ष राहिला होता. शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन स्पर्धा भरत, विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. करिंथकरांना लिहिताना धावपटू आणि मुष्टियोद्धा त्याच्या लेखणीत उगाच आले नाहीत.

मला अधिक भिडतं ते इब्री लोकांस पत्र. देवाच्या दृष्टीसमोर सारं ‘जिमनोस’ आहे असं त्यात म्हटलंय, आणि ओझं टाकून धीराने धावा, असंही. पहाटे चालताना मनातलं देवापुढे उघडं करणाऱ्या ख्रिस्ती माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

उद्या मैदानावर निघण्याआधी तीमथ्याच्या पत्राचा तो चौथा अध्याय जरूर वाचा.